क्रमांक जुळवू नका, वाचा: जुन्या ब्रिटिश मोटारसायकलच्या सांगाड्याविषयी

१/ थ्रेड. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलचा सांगाडा ओळखावा कसा, त्याचे साल ठरवावे कसे, आणि हे काम पुनरुज्जीवनाच्या आधीच का करावे, याविषयी. माझे मत आरंभीच सांगतो. गंजलेला सांगाडा हा दस्तऐवज आहे. आज या दस्तऐवजांची जितकी नासाडी गंज करतो, त्याहून अधिक आपली हौस करते.

२/ स्थळ म्हणून घोडपदेव घेऊ. भायखळा, माझगाव, काळाचौकी आणि रे रोड यांच्यामध्ये वसलेला हा भाग. एका बाजूला गिरणगाव, दुसऱ्या बाजूला गोदी आणि दारूखाना. दारूखान्यात जहाजे मोडली जातात, लोखंड तोलून विकले जाते. या टापूत वस्तूचे मोल ठरते ते किलोवर. तिचा इतिहास तराजूत बसत नाही.

३/ समजा, अशाच एखाद्या गोदामात तुम्हांला सांगाडा सापडला. इंजिन नाही, टाकी नाही, चाके नाहीत. नळ्यांचा एक वाकडातिकडा त्रिकोण, वर तीन-चार रंगांचे थर. विकणारा म्हणतो, ‘बीएसए आहे, युद्धातली, एकोणीसशे चाळीसची.’ या एका वाक्यात तीन विधाने आहेत आणि तिन्ही स्वतंत्रपणे तपासावी लागतात: बनावट कोणाची, वापर कुठला, साल कोणते.

४/ प्रथम प्रश्न असा की, ही यंत्रे इथे आली कशी? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कारखान्यांनी लष्करासाठी प्रचंड संख्येने मोटारसायकली बनवल्या. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमधून बीएसए एम२०, ॲस्टनच्या ब्रेसब्रिज स्ट्रीटवरून नॉर्टन १६एच, लंडनजवळच्या प्लमस्टेडहून मॅचलेस जी३एल, रेडिचहून रॉयल एनफिल्ड. एकट्या एम२०ची युद्धकालीन संख्या सुमारे १,२६,००० सांगितली जाते.

५/ त्यांतल्या कित्येक भारतात आल्या. युद्ध संपल्यावर लष्कराला नको झालेला माल विकला गेला. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी आजही असणारा ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द त्या विक्रीची आठवण आहे. आजचे उल्हासनगर जिथे आहे, तिथे कल्याण कॅम्प ही युद्धकाळातली मोठी लष्करी छावणी होती. मुंबईच्या आसपास लष्करी सामान विखुरलेले असणे त्या काळी अगदी स्वाभाविक होते.

६/ यामुळे पहिली मोठी फसगत होते ती आरसी बुकात. लष्करातून सुटून नागरी हातात आलेल्या गाडीची नोंदणी ती सुटल्यानंतर झाली. नोंदणीचे साल १९४८ असले, तरी सांगाडा त्याआधीच पाच-सात वर्षे ओतलेला, जोडलेला आणि दौडलेला असू शकतो. आरसी बुक सांगते ती गाडी कागदावर केव्हा आली, कारखान्यातून केव्हा निघाली ते नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद परिचित असतो: ताम्रपटाची तारीख आणि गाव वसल्याची तारीख एक नसते.

७/ आता सांगाड्याकडे पाहू. क्रमांक शोधण्याआधी घडण वाचा, कारण क्रमांक ठोकता येतो, घडण सहज बदलता येत नाही. हँडल ज्यात फिरते ती मान, तिच्यापासून खाली उतरणारी पुढची नळी, टाकीखालची आडवी नळी, सीटखालची उभी नळी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या. या नळ्या जिथे एकत्र येतात तिथले पोलादी सांधे म्हणजे ‘लग’.

८/ त्या काळातली रीत अशी: लगमध्ये नळी बसवायची, सांधा तापवायचा आणि वितळलेले पितळ फटीत खेचले जाऊ द्यायचे. हाच पितळजोड. याचा सांधा नितळ दिसतो, कडेला पितळाची बारीक पिवळी रेघ सापडते. १९४०च्या सुमाराच्या सांगाड्यावर विजेच्या वेल्डिंगचा जाडसर, खवल्याखवल्यांचा पट्टा दिसला, तर तो बहुधा नंतरच्या दुरुस्तीचा. तो खरवडून टाकू नका. त्याविषयी पुढे बोलू.

९/ दुसरी खूण मागच्या चाकाची. मागची बाजू ताठ, कसलीच लवचीक योजना नाही, तर सांगाडा सामान्यतः जुन्या पिढीचा. मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी उभ्या नळकांड्यांत स्प्रिंगा असतील, तर तो ‘प्लंजर’. मागची चौकट एका खिळीवर वरखाली झुलत असेल, तर तो ‘स्विंगिंग आर्म’. रॉयल एनफिल्ड बुलेटमध्ये हा प्रकार १९४९च्या सुमारास विक्रीत आला. बीएसए आणि ट्रायम्फच्या मोठ्या गाड्यांत १९५४च्या मोसमात.

१०/ तिसरी खूण पुढच्या काट्याची. आरंभी पोलादी चौकटीचा ‘गर्डर’ काटा. नंतर एकात एक सरकणाऱ्या, तेलाने दाब झेलणाऱ्या नळ्यांचा ‘टेलिस्कोपिक’ काटा. मॅचलेस जी३एलला तो १९४१मध्येच मिळाला. इतर बहुतेकांना युद्धानंतर. पण सावधान: काटा सुटा भाग आहे. जुन्या मानेत नवा काटा बसवण्याचे काम मुंबईतल्या गॅरेजांनी वर्षानुवर्षे केले आहे. काट्यावरून सांगाड्याचे साल सांगू नये. मानेवरून काटा मूळचा की उपरा, एवढे तपासावे.

११/ चौथी खूण आट्यांची, आणि ती फार लोक पाहत नाहीत. त्या काळचे ब्रिटिश मोटारसायकल कारखाने सायकल-मानकाचे बारीक आटे वापरत, इंचाला २६. त्याशिवाय व्हिटवर्थ मानकाचे आटे. दोहोंचा कोन वेगळा: सायकलचा ६० अंशांचा, व्हिटवर्थचा ५५ अंशांचा. सांगाड्याच्या एखाद्या भोकात मिलिमीटरचा बोल्ट सुरळीत फिरला, तर त्या भोकाला नंतर कोणीतरी नवे आटे पाडले आहेत.

१२/ आपल्या मिस्त्रींना हे ज्ञान पुस्तकाविना होते. इंचाचे आठ भाग करून ‘सूत’ मोजणारी ही पिढी. ‘चार सुताचा पाना दे’ म्हणजे अर्ध्या इंचाचा. हाताला आट्याची फेर कळत असे. गिरणीतल्या यंत्रांवर काम केलेल्यांना तर अधिकच, कारण लँकेशायरहून आलेली यंत्रे आणि बर्मिंगहॅमहून आलेली मोटारसायकल एकाच मापसंस्कृतीची लेकरे होती. ही माणसे आज थोडी उरली आहेत. त्यांच्याशी बोलणे हा संशोधनाचाच भाग समजा.

१३/ पाचवी खूण: लगवर उठावात असलेले आकडे. हे साच्यातून उमटलेले असतात, ठोकलेले नसतात. हे सुट्या भागाचे क्रमांक आहेत, गाडीचे नव्हेत. कित्येक जण यांनाच ‘चेसी नंबर’ समजून बसतात. साच्याचा आकडा हजारो सांगाड्यांवर एकच असतो. त्यावरून कारखाना आणि नमुना कळतो, तुमची विशिष्ट गाडी कळत नाही. खोलात ठोकलेला, किंचित वेडावाकडा क्रमांक तो गाडीचा.

१४/ तो कुठे असतो? प्रत्येक कारखान्याची सवय निराळी. ट्रायम्फचा बहुधा मानेच्या लगवर डाव्या अंगाला. युद्धोत्तर मॅचलेस आणि एजेएस यांचा सीटखालच्या लगवर उजव्या अंगाला. इतरांसाठी मान, इंजिन धरणाऱ्या पुढच्या पट्ट्या आणि सीटखालचा सांधा ही तीन ठिकाणे क्रमाने पाहावीत. चुकीच्या ठिकाणी सुबक क्रमांक सापडला, तर आनंदापेक्षा शंका अधिक बाळगावी.

१५/ क्रमांक वाचायचा कसा? ग्राइंडर नको, वाळूचा मारा नको, चकतीचा तार-ब्रशही नको. रंग काढण्याचे मिश्रण, मऊ पितळी ब्रश, थोडे तेल आणि भरपूर सबुरी. मग अंधारात टॉर्च अगदी आडवी धरून फोटो घ्या. सावलीत आकडे उभे राहतात. त्यानंतर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलने ठसा घ्या. शिलालेखाचा ठसा घेणारे जे करतात, तेच आपण करायचे.

१६/ रंगाचे थरही एकदम काढू नका. एखाद्या आडोशाच्या जागी, लगच्या पोटाशी, थर एकामागून एक उघडत जा आणि प्रत्येकाचा फोटो ठेवा. काळ्यावर खाकी, खाकीवर हिरवा, त्यावर कोणाच्या तरी लग्नाच्या हंगामातला लाल. हा त्या यंत्राचा पेशा आणि संसार आहे. युद्धकालीन टाकीवर इंग्रजी ‘सी’ अक्षराने सुरू होणारा आकडा मिळाला, तर तो ब्रिटिश लष्कराचा नोंदक्रमांक. ‘सी’ हे अक्षर मोटारसायकलींसाठी होते.

१७/ आता सालाची अक्षरे. इथे एक लोकप्रिय दंतकथा मोडावी लागेल. बीएसएच्या युद्धकालीन इंजिनांवर ‘डब्ल्यूएम२०’ असे असते. अनेकांना वाटते, डब्ल्यू म्हणजे ‘वॉर’, युद्ध. प्रत्यक्षात बीएसए प्रत्येक मोसमाला एक अक्षर देत असे: १९३८ला ‘जे’, १९३९ला ‘के’, १९४०ला ‘डब्ल्यू’. लष्कराला तोच नमुना हवा होता, म्हणून अक्षरही युद्धभर तेच राहिले. डब्ल्यू पाहून ‘१९४०’ म्हणणे म्हणूनच धाडसाचे. ते १९४३चेही असू शकेल.

१८/ मग १९४० आणि १९४३ यांत भेद कसा करायचा? आसपासच्या पुराव्याने. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडले, मलायातले रबर ब्रिटनला दुर्मीळ झाले. त्यानंतरच्या लष्करी एम२०वर पाय ठेवायच्या दांड्यांचे रबर गेले, हँडलच्या मुठींवर कॅनव्हास आले. पूर्वेकडच्या एका पराभवाची खूण बर्मिंगहॅमच्या पायदांडीवर उमटली. असे सुटे भाग सांगाड्यासोबत सापडले तर तेही टिपून ठेवा, पण निकाल केवळ त्यांवर देऊ नका. ते बदलले गेलेले असू शकतात.

१९/ शिवाय ‘मोसम’ म्हणजे वर्ष नव्हे. ब्रिटिश कारखान्यांचा नवा नमुना शरद ऋतूत येई. १९५४च्या मोसमाची गाडी १९५३च्या अखेरीस बनलेली असू शकते. आपल्याकडे शके आणि इसवी सन जुळवताना जशी एका वर्षाची फट राहते, तशीच ही. ‘१९५३ की १९५४’ या वादात पुष्कळदा दोन्ही पक्ष बरोबर असतात.

२०/ उत्तरकालीन गाड्यांत ही सोय अधिक आहे. १९६९च्या मोसमापासून बीएसए आणि ट्रायम्फ यांनी दोन अक्षरांची पद्धत आणली: पहिले महिन्याचे, दुसरे मोसमाचे. जानेवारी ‘ए’, मे ‘ई’, पण जून ‘जी’. एफ, आय, ओ यांसारखी अक्षरे वगळलेली. ‘जीई’ म्हणजे जून १९७१. याच सुमारास ट्रायम्फने इंजिनावर क्रमांकाच्या जागी आपल्या नावाचे बारीक ठसे भरून ठेवले, म्हणजे कोणी क्रमांक घासला तर ते ठसेही पुसले जावेत. क्रमांकांची बनवाबनवी हा रोग तेव्हाही कारखान्यांना ठाऊक होता.

२१/ आता या थ्रेडचा मूळ मुद्दा. जाहिरातींत एक शब्दप्रयोग फार मिरवला जातो: ‘मॅचिंग नंबर’. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक एक. ऐकायला भारदस्त. पण हा निकष सर्व कारखान्यांना लागू नाही. ट्रायम्फने १९५०च्या दशकात दोन्हींवर एकच क्रमांक ठोकला, हे खरे. बीएसए एम२०च्या बाबतीत इंजिनाची मालिका निराळी आणि सांगाड्याची निराळी. मॅचलेस जी३एलचेही तसेच.

२२/ म्हणजे निष्कर्ष उलटा निघतो. ज्या युद्धकालीन बीएसएवर दोन्ही क्रमांक तंतोतंत एक आहेत, तिच्याविषयीच अधिक संशय घ्यावा. कोणीतरी अस्सलपणा दाखवण्याच्या नादात अस्सलपणाच पुसला. ज्याला इतिहास ठाऊक नाही, त्याने बनवलेला पुरावा स्वतःच साक्ष देतो. खोट्या ताम्रपटात पुढच्या शतकाचे अक्षरवळण यावे, तसे हे.

२३/ मग जोडी ठरवायची कशी? कारखान्यांच्या रवानगी-वह्यांवरून. कोणते इंजिन कोणत्या सांगाड्यात बसून कोणत्या दिवशी कोणाकडे गेले, याच्या नोंदी. त्यांतल्या पुष्कळ वाचल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेला व्हिंटेज मोटरसायकल क्लब बीएसए आणि ट्रायम्फच्या वह्या जपतो. एजेएस आणि मॅचलेसच्या नोंदी त्यांच्या मालक-संघाकडे आहेत. स्वच्छ फोटो आणि ठसा पाठवला, तर शुल्क घेऊन उतारा मिळू शकतो.

२४/ सगळेच वाचले असे नाही. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री कॉव्हेंट्रीवर झालेल्या बाँबहल्ल्यात ट्रायम्फचा प्रायरी स्ट्रीटवरचा कारखाना उद्ध्वस्त झाला. पुढे तो मेरिडेनला गेला. पाचच दिवसांनी बीएसएच्या स्मॉल हीथवर बाँब पडून ५३ कामगार मेले. जिथे कागद जळले, तिथे लोखंडच एकमेव साक्षीदार उरते. घोडपदेवच्या गोदामातला सांगाडा हा अशा वेळी त्या नोंदीची शेवटची प्रत असू शकतो.

२५/ हे सारे आज तातडीचे का? जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. नेहमीच्या वा धंद्याच्या वापरास मनाई.

२६/ नियम स्वागतार्ह आहे. बीएसएची ब्रिटिश निर्मिती १९७०च्या दशकाच्या आरंभी थांबली, म्हणजे तिच्या जवळपास सर्व गाड्या या वयोमर्यादेत बसतात. परंतु ‘मूळ रूप’ या दोन शब्दांनी एक प्रलोभनही निर्माण केले. ज्याच्याकडे इंजिन आहे पण सांगाडा नाही, किंवा सांगाडा आहे पण क्रमांक झिजलेला, त्याला वाटते: चार ठोके मारले की मूळ रूप तयार. पंचाचा संच बाजारात सहज मिळतो. इतिहास मात्र सुटा विकत मिळत नाही.

२७/ याचे परिणाम एका गाडीपुरते राहत नाहीत. भारतातून परदेशी गेलेल्या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींविषयी तिथल्या हौशी वर्तुळात आजही साशंकता आहे. चकचकीत रंग, नवे क्रोम आणि संशयास्पद क्रमांक, असे त्यांचे वर्णन केले जाते. एकाने ठोकलेल्या खोट्या आकड्याची किंमत, खरा आकडा जपणारा दुसरा मोजतो.

२८/ प्रतिवाद मला ठाऊक आहे. ‘क्रमांकाविना गाडी नोंदवता येत नाही. नोंदली नाही, तर ती भंगारात जाते. खोट्या क्रमांकाने का होईना, यंत्र वाचले ना?’ हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. तो मांडणारी माणसे बहुधा यंत्रावर खरेच प्रेम करतात, आणि भंगाराच्या तराजूतून त्यांनीच कित्येक सांगाडे सोडवले आहेत.

२९/ तरीही मी तो मान्य करत नाही, दोन कारणांनी. पहिले, खोटा क्रमांक ठोकण्यासाठी जागा सपाट करावी लागते, आणि तसे करताना झिजलेला खरा क्रमांक कायमचा जातो. ठोकलेल्या आकड्याखाली पोलादाची घडण दबलेली असते. वर काही दिसत नसले, तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळा रसायनाने तो पुन्हा उठवू शकतात. खोलवर घासले, की तीही वाट बंद. झिजलेल्या क्रमांकाचा मार्ग परिवहन कार्यालयातून, लेखी परवानगीने आणि नोंदीसह जावा.

३०/ दुसरे कारण अधिक मोलाचे. नोंदणी न झालेला सांगाडा रस्त्यावर फिरणार नाही, पण अभ्यासाला उपलब्ध राहील. खोट्या क्रमांकाची गाडी रस्त्यावर फिरेल आणि तिच्याविषयी पुढे लिहिले जाणारे प्रत्येक वाक्य खोटे पाडत जाईल. न वाचलेला शिलालेख पुढची पिढी वाचू शकते. खाडाखोड केलेल्या शिलालेखापुढे तीही हतबल असते.

३१/ आता त्या वेल्डिंगच्या पट्ट्याकडे परतू. ‘मूळ रूप’ म्हणजे केवळ बर्मिंगहॅमचे रूप, असे आपण गृहीत धरतो. पण समजा, एम२०च्या सांगाड्याला कारखान्यातच साइडकारसाठी लग होते, आणि त्यांतला एक तुटून मुंबईत पुन्हा जोडलेला आहे. हा जोड सांगतो की ही गाडी इथे ओझे वाहत होती. युद्धाची सहा वर्षे तिचा इतिहास आणि मुंबईतली पुढची तीस वर्षे निव्वळ खराबी, हा न्याय कोणता?

३२/ म्हणून माझी भूमिका अशी: मुंबईची दुरुस्ती मजबूत असेल, तर ती राहू द्या. धोकादायक असेल, तर बदला. पण आधी फोटो काढा, मोजमाप घ्या, काढलेला तुकडा चिठ्ठी लावून जपा. कारखान्याचे काय आणि मिस्त्रीचे काय, हे वेगळे ओळखता आले पाहिजे. दोन्ही ओळखता आली की दोन्हींचा मान राखता येतो. ओळखण्याआधीच सारे एका रंगाखाली झाकले, तर दोघेही गेले.

३३/ घोडपदेवच्या शेजारी याचे मोठे उदाहरण उभे आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला. जानेवारी १९८२च्या संपानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि त्यांतली कितीतरी यंत्रे भंगारात गेली. यंत्र हलले, की ते कोणत्या खात्यात, कोणत्या कामगाराच्या हाताखाली चालले, ही माहिती त्याच्यापासून सुटते. उरते ते शोभेचे लोखंड.

३४/ मोटारसायकल लहान आहे, एका माणसाला उचलता-सांभाळता येते. म्हणूनच जे गिरण्यांच्या बाबतीत संस्थांना जमले नाही, ते इथे एकट्या-दुकट्या तरुणाला जमू शकते. पुरातत्त्व खात्याची परवानगी नको, अनुदान नको. वही, पेन्सिल, टॉर्च, मोबाइलचा कॅमेरा आणि ग्राइंडर बाजूला ठेवण्याचा संयम एवढे पुरे.

३५/ थोडक्यात क्रम असा. (अ) हात लावण्याआधी सर्व बाजूंनी फोटो. (आ) घडण: लग, जोड, मागची बाजू, मान, आटे. (इ) साच्याचे आकडे आणि ठोकलेला क्रमांक वेगवेगळे टिपणे. (ई) रंगाचे थर. (उ) अक्षरांवरून मोसम. मोसमावरून वर्ष नव्हे, वर्षांची मर्यादा. (ऊ) वह्यांचा उतारा मागवणे. (ए) आणि मग, अगदी शेवटी, पाना.

३६/ साल ठरवताना एकच आकडा सांगण्याचा मोह आवरा. ‘घडणीवरून १९३९नंतरचा, अक्षरावरून १९४० ते १९४५, रंगावरून लष्करी, नोंदणी १९४८’ हे वाक्य ‘१९४० मॉडेल’ या दोन शब्दांपेक्षा लांब आहे. परंतु ते खरे आहे, आणि प्रत्येक तुकड्यामागचा पुरावा कोणीही पुन्हा तपासू शकतो. इतिहास लिहिणे म्हणजे तरी दुसरे काय असते?

३७/ रे रोड ते माझगाव या पट्ट्यात जुनी गोदामे आणि गॅरेजे झपाट्याने टॉवरांना जागा करून देत आहेत. गोदाम रिकामे करण्याच्या घाईत टेम्पोत काय चढते, हे कोणी पाहत नाही. अशा वेळी सांगाडा विकत घेणे जमले नाही, तरी हरकत नाही. पाच मिनिटे मागून घ्या, क्रमांकाचा ठसा घ्या, जागा आणि तारीख लिहा. लोखंड भट्टीत गेले, तरी त्याची ओळख तुमच्या वहीत राहील.

३८/ थ्रेड संपला. तुमच्या वाड्यात, चाळीच्या जिन्याखाली, काकांच्या गॅरेजमध्ये असा सांगाडा पडून असेल, तर खाली घडणीचे फोटो जरूर टाका: मान, लग, मागचा सांधा. क्रमांकाचे पूर्ण आकडे मात्र जाहीर करू नका. ते पाहून दुसरा कोणी तोच क्रमांक दुसऱ्या लोखंडावर ठोकेल. आपण मिळून वाचू. वाचून झाल्यावर मग रंगाचा विचार करू.